वाचकांचे प्रश्न : मंचावर झाड कुठे होतं?

बंगळुरूच्या मुक्कामात पाहिलेल्या एका कन्नड नाटकाबद्दल मागच्या अंकात या पानावर चार ओळी लिहिल्या होत्या. मूडिगेरेचे लेखक पूर्णचंद्र तेजस्वी यांना कॉफीच्या बागेत, रस्त्यावर, तळ्याकाठी भेटलेल्या माणसांवरचं ते नाटक. करणारी मंडळी हौशी. मंचावर एक खुर्ची, मासे धरायचा एक गळ आणि येणारी-जाणारी माणसं, बस्स. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं पान त्यांनाच दिलं आहे.

*ताई, मुलीकडे बंगळुरूला गेलो असताना आम्ही तेच नाटक पाहिलं. कन्नड येत नाही. मिरजेत कानावर पडतं तेवढंच कळतं. निसर्गप्रेमी लेखकाचं नाटक म्हणून हौसेने गेलो, तर मंचावर एक झाड नाही की पाखराचा आवाज नाही. लेखक नुसता बसून असतो आणि लोक येऊन त्याच्याशी बोलतात. आजूबाजूचे प्रेक्षक मात्र पोट धरून हसत होते, शेवटी काही जण डोळे पुसत होते. हे निसर्गाचं नाटक कसं? आणि हा लेखक कोण? – एक वाचक, मिरज*

आधी लेखकाबद्दल सांगते. पूर्णचंद्र तेजस्वींचा जन्म ८ सप्टेंबर १९३८चा, शिवमोग्गा जिल्ह्यात तीर्थहळ्ळीजवळच्या कुप्पळ्ळी गावचा. वडील म्हणजे कुवेंपु, ज्ञानपीठ मिळवणारे पहिले कन्नड कवी. मुलगा म्हैसूरला कन्नड घेऊन एम. ए. झाला. अशा घरातल्या मुलाने प्राध्यापक व्हावं, सभा-संमेलनांत मिरवावं, अशीच सगळ्यांची अपेक्षा असणार. हा मात्र चिक्कमगळूर जिल्ह्यातल्या मूडिगेरे तालुक्यात जमीन घेऊन कॉफी लावायला गेला आणि तिथलाच झाला. मूडिगेरेच्या घराचं नाव त्यांनी ‘निरुत्तर’ ठेवलं होतं. ५ एप्रिल २००७ला तिथेच ते गेले. मधल्या काळात त्यांनी शेती केली, मासे धरले, पक्ष्यांचे फोटो काढले, समाजवादी आणि शेतकरी चळवळीत भाग घेतला, संगणकावर कन्नड नीट चालावं म्हणून भांडले, आणि लिहिलं. १९८७चा साहित्य अकादमी पुरस्कारही त्यांना मिळाला.

आता झाडाचं. तेजस्वींच्या एका गाजलेल्या पुस्तकाचं नाव आहे ‘परिसरद कथे’. कन्नडमध्ये ‘परिसर’ म्हणजे आपण ज्याला पर्यावरण म्हणतो ते. पण मराठी माणूस ते नाव वाचेल तर ‘परिसराची गोष्ट’ असंच वाचेल: आजूबाजूची, शेजारपाजारची, बांधापलीकडची गोष्ट. मी पहिल्यांदा तसंच वाचलं होतं. माझी कन्नड शिकवणारी शेजारीण माझी चूक दुरुस्त करायला निघाली आणि मग स्वतःच थांबली. म्हणाली, “नाही, तुम्ही वाचलंत तेच बरोबर आहे.” त्या पुस्तकात रान आहे, पण माणसांपासून तोडून ठेवलेलं रान नाही. बेडूक आहे तर त्या बेडकाबद्दल काहीतरी छातीठोक सांगणारा गडी आहे. पाखरू आहे तर त्याची आपली वेगळीच जन्मकथा सांगणारा एक बेवडा आहे. तेजस्वींना रान दिसलं ते या माणसांच्या बोलण्यातून. म्हणून नाटकात झाड नव्हतं. प्रत्येक माणूस येताना आपल्या अंगाला लागलेलं झाड घेऊन येत होता. कुणाच्या चपलेला चिखल, कुणाच्या मानेवर जळू चावल्याची खूण, कुणाच्या हातात मधाची बाटली.

मिरजेहून पाहायला गेलेल्या तुम्हाला लेखक ‘नुसता बसून’ दिसला. मला तो ऐकताना दिसला. त्या नटाकडे पुन्हा एकदा मनातल्या मनात पाहा. नाटकातला वीजखात्याचा लाईनमन बोलत असताना त्याने गळ कसा धरला होता? दोरी सैल सोडली होती. म्हणजे मासा लागला असता तरी त्याला कळलं नसतं, इतकं त्याचं लक्ष समोरच्या माणसात होतं. मी नाट्यस्पर्धांतून पंचवीस वर्षं पडद्यामागे प्रॉम्प्टिंग केलं आहे आणि त्या अनुभवावरून सांगते, बोलणारा नट मिळतो. ऐकणारा नट मिळवायला जन्म जातो. तेजस्वींच्या ‘कर्वालो’ या १९८०च्या कादंबरीत लेखकाच्या कुत्र्याचं नाव ‘किवि’ आहे. किवि म्हणजे कन्नडमध्ये कान. त्या घरात कुत्र्याचं नावसुद्धा कान आहे, हे मला फार आवडतं.

एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझे यजमान बँकेत होते, त्यामुळे १९८४ ते १९९३ अशी नऊ वर्षं आम्ही चिक्कमगळूरला काढली. तिकडच्या डोंगराळ मुलखाला मलेनाडू म्हणतात. ‘मले’ म्हणजे डोंगर. आणि ‘मळे’ म्हणजे पाऊस. आपल्याला मळे म्हटलं की उसाचे आणि भाजीचे मळे दिसतात, त्यामुळे पहिलं वर्षभर मी ल आणि ळ यांचा पार गोंधळ घातला. तिथे एका शाळेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये तेजस्वींच्या एका कथेवरचं नाटक होतं. महिना ऑक्टोबरचा, पाऊस सरला असं धरून ठरवलेलं. अर्ध्यावर आलं आणि पाऊस परत फिरला. पत्र्यावर तो असा काही वाजायला लागला की शेजारच्या बाईचा श्वाससुद्धा ऐकू येईना. लेखकाचं काम करणारा नट खुर्चीवर होता, समोर एक मजूर बोलत होता. मजुराने दोन वाक्यं ओरडून पाहिली आणि मग तो लेखकाच्या पायाशी खाली बसला. दोघांनी वर पत्र्याकडे पाहिलं आणि तसेच बसून राहिले. आम्हीही बसून राहिलो. पडदा पाडला नाही, कुणी उठलं नाही. वीस मिनिटं तरी गेली असतील. पाऊस मंदावल्यावर मजुराने जिथे सोडलं होतं तिथून, आवाज न चढवता, पुढचं वाक्य घेतलं. त्या वीस मिनिटांत निसर्ग दाखवायला कुणाला काही करावं लागलं नाही. तेव्हापासून मंचावर पुठ्ठ्याचं झाड दिसलं की मला तो पत्रा आठवतो.

खरी झाडं घेऊन केलेलं नाटकही मी नाकारत नाही. तेजस्वींच्या वडिलांची एक मोठी कादंबरी २०१० साली म्हैसूरच्या रंगायण या नाट्यसंस्थेत दिग्दर्शक सी. बसवलिंगय्या यांनी उघड्यावर, झाडांमध्ये, रात्रभर केली. जवळजवळ नऊ तास, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर प्रेक्षकांना उठवून नेत. तिथे झाड हवंच होतं, कारण ती सगळ्या मुलखाची गोष्ट आहे. मुलाची गोष्ट दोन माणसांमधली. तिला खुर्ची पुरते.

*असं नाटक पाहायला कुठे जावं लागेल? – एक वाचिका, दादर*

बंगळुरूत जे. पी. नगरमधलं रंगशंकरा हे नाट्यगृह. २००४ साली सुरू झालं. सोमवार सोडून रोज प्रयोग असतो. वेळ टळल्यावर आत सोडत नाहीत, तेव्हा तिथली वाहतूक धरून एक तास आधी निघा. अभिनेत्री अरुंधती नाग यांनी ते आपले दिवंगत पती, नट-दिग्दर्शक शंकर नाग यांच्या नावाने उभं केलं. दोघेही मुंबईत मराठी रंगभूमीवर काम करून तिकडे गेलेले, त्यामुळे दादरच्या माणसाला तिथे परकं वाटायचं कारण नाही. वेळ असेल तर सागर तालुक्यातल्या हेग्गोडुला जा. के. व्ही. सुब्बण्णांची नीनासम ही नाट्यसंस्था तिथे १९४९पासून आहे. त्यांची ‘तिरुगाट’ ही फिरती मंडळी १९८५पासून दर वर्षी कर्नाटकभर नाटकं घेऊन फिरते, ती हुबळी-धारवाडकडे आली की बेळगावहूनही जाता येतं.

*तुमच्या चार ओळी वाचून राग आला, तो कळवतो. आमच्या वाडीत हत्ती येतात. गेल्या वर्षी एका रात्रीत केळी गेली, पाच वर्षांचे माड गेले. पंचनामा झाला, भरपाईचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरताहेत. शहरातल्या लोकांनी निसर्गप्रेमी लेखकाचं नाटक करावं आणि तुम्ही टाळ्या वाजवाव्यात. आम्ही त्या टाळ्यांत का सामील व्हावं? – एक बागायतदार, दोडामार्ग तालुका*

दादा, तुमचा राग मला मान्य आहे आणि तो मी या पानावर तुमच्या शब्दांत छापला आहे. पाच वर्षांचा माड म्हणजे काय, हे ज्याने पाणी घालून तो वाढवला त्यालाच कळतं. गेली वीसेक वर्षं कर्नाटकातून तिलारीच्या बाजूने हत्ती उतरताहेत आणि तुम्ही रात्री जागताहात. त्यावर नाटकाने औषध निघत नाही, मी तसं म्हणणारही नाही.

पण हा लेखक तुमच्या बाजूचा आहे, हे मात्र मला तुम्हाला सांगायचंच आहे. ‘निसर्गप्रेमी’ हा शब्द मी मागच्या अंकात वापरला, ती माझी चूक झाली. त्या शब्दाने दुर्बीण गळ्यात अडकवून रविवारी येणारा पाहुणा डोळ्यांसमोर येतो. तेजस्वी शेतकरी होते. वानरं, डुकरं, बाजारात पडलेला भाव, न येणारा मजूर, वेळेवर न झालेला पाऊस हे सगळं त्यांनी कॉफीच्या बागेत भोगलं. मार्च-एप्रिलमधली पहिली सर चुकली की कॉफीचा फुलोरा चुकतो आणि वर्ष हातातून जातं. ‘कर्वालो’मधला गोष्ट सांगणारा लेखकही शेतीला कंटाळून ती सोडावी का, अशा विचारात असतो.

आणि त्यांची हत्तीची गोष्ट तर तुमच्या टेबलांचीच गोष्ट आहे. ‘कृष्णेगौडन आने’. आने म्हणजे हत्ती. एका मठाची हत्तीण, मठाला पोसवेना म्हणून कृष्णेगौडा नावाचा माणूस ती विकत घेतो. मग गावात काही बिघडलं की बोट तिच्याकडे. विजेचा खांब वाकला? हत्तीण. टेलिफोनची तार तुटली? हत्तीण. वीजखातं, टेलिफोनखातं, वनखातं, जो तो आपली अडचण दुसऱ्याच्या दारात ढकलतो, आणि शेवटी सगळ्यांच्या मधे ते एवढं मोठं, काही न बोलणारं जनावर उभं असतं. हे सगळे लोक एकेक करून लेखकाकडे येतात आणि आपापली बाजू सांगतात. लेखक कुणाला खोटं पाडत नाही. पाहणाऱ्याला आधी हसू येतं, मग कळतं की हत्तीण आणि गावातला गरीब नोकर दोघंही एकाच जात्यात भरडले जाताहेत. त्यात एक लाईनमन विजेच्या तारेवर मरतो.

ते वाचताना मला आमच्याकडे यायचा तो लाईनमन डोळ्यांपुढे आला. जुलैमध्ये तिकडे फांद्या पडून चार-चार दिवस वीज जायची. तो भिजून चिंब होऊन यायचा, लांब बांबूला आकडी बांधलेली, पायात रबरी चप्पल. मी कॉफी द्यायची, तो पायरीवर उभ्यानेच प्यायचा, आत यायचा नाही. आमच्या रस्त्यावरचं प्रत्येक झाड त्याला ठाऊक होतं: हे फणसाचं याच महिन्यात पडणार, ते सिल्व्हर ओक तारेवर नाही पडणार, उलटीकडे पडेल. कुठल्या पुस्तकात नाही असं झाडांचं ज्ञान त्या माणसाकडे होतं आणि त्याच्या हातात साधे मोजे नव्हते. मी नऊ वर्षांत कुणाकडे त्याबद्दल एक अर्जसुद्धा केला नाही. ते मला अजून लागतं.

पाळलेली हत्तीण आणि तुमच्या बागेत रात्री घुसणारा रानटी हत्ती यांत फार अंतर आहे, ते मी पुसत नाही. पण पंचनाम्याला आलेला माणूस काय बोलला, त्याच्या मागोमाग आलेला दुसरा काय बोलला, शेजाऱ्याने काय सल्ला दिला, तुमच्या आईने मोडलेल्या माडाजवळ उभं राहून काय म्हटलं, हे तारखा घालून वहीत लिहून ठेवा. भरपाईच्या पाठपुराव्याला तर ते कामाला येईलच. आणि तुमच्याकडे दशावतारी मंडळी आहेत. एका बाकड्यावर ज्यांना इंद्राचा दरबार उभा करता येतो, संवाद आयत्या वेळी रचता येतात, त्यांना ही वही द्या. हत्तीचं नाटक दोडामार्गातच व्हायला हवं, तुमच्या बोलीत, आणि ते पाहायला मी येईन. मला बोलवाच.

*आमचा गट हे नाटक मराठीत करू पाहतोय. मूळ संवाद मलेनाडूच्या ग्रामीण कन्नडमध्ये आहेत. त्यांना मालवणी द्यावी की कोल्हापुरी? – एक नाट्यगट, पुणे*

दोन्ही नको.

मी हा उद्योग एकदा केला आहे, म्हणून इतकं तुटक लिहिलं. १९९६ साली सांगलीत एका हौशी संस्थेसाठी मी अशाच एका कन्नड कथेचं नाट्यरूप मराठीत केलं आणि मध गोळा करणाऱ्या माणसाला रांगडी कोल्हापुरी दिली. प्रयोगात त्याने तोंड उघडलं की लोक हसायला लागले. तो काय बोलतोय याच्यावर नाही, तो कसा बोलतोय याच्यावर. मधमाश्यांच्या वाटा उन्हात उभं राहून शोधणारा तो माणूस, लोकांनी त्याचा वगातला सोंगाड्या करून टाकला. दुसऱ्या अंकात तो पोळ्याजवळ एकटा बोलतो ती जागाही हशात गेली. नट बिचारा विंगेत येऊन माझ्याकडे पाहत राहिला. चूक त्याची नव्हती. मालवणीचंही तसंच होईल. ती आली की प्रेक्षक गजाली ऐकायला टेकून बसतो.

शिवाय मलेनाडूत एक बोली नाहीच. कॉफीच्या बागांत कन्नड बोलणारे गौडा, तुळू बोलणारे मजूर, घाटाखालून आलेले कोकणी, ब्यारी मुसलमान, तमिळ बायका, केरळातून आलेला माहूत, असे सगळे एकमेकांशी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये बोलतात. गंमत त्या मोडतोडीत आहे. तेव्हा एक बोली निवडून सगळ्यांना वाटू नका. प्रत्येकाला बोलण्याची आपली चाल द्या. एक जण वाक्य अर्ध्यात सोडतो, एक जण प्रत्येक गोष्ट शपथेवर सांगतो, एक जण प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देतो. साधी, खेड्यात बोलतात ती मराठी पुरे. कन्नडमधली हाक मात्र राहू द्या. ‘गौड्रे’ ही हाक मराठीत ‘पाटील’ करू नका. ‘सार’, ‘अण्णा’, ‘अय्यो’ हे तर आपल्याला आपोआप कळतं.

आणि कृपा करून संहिता आधी कागदावर भाषांतरित करू नका. उमा कुलकर्णी यांनी कन्नडमधलं केवढं तरी साहित्य मराठीत आणलं, त्यांची पद्धत मला नेहमी शहाणपणाची वाटते. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करायचे आणि उमाताई ते ऐकून मराठीत लिहायच्या. कान आधी, हात नंतर. तुमच्यात कन्नड जाणणारा कुणी असेल तर त्याला सगळी भूमिका मोठ्याने वाचायला लावा. नटांना अर्थ न सांगता दोनदा ऐकवा. कुठे श्वास घेतला जातो, कुठे माणूस थांबतो, हे आधी कानात बसू द्या.

*मराठीत असा लेखक नाही का? आपण नेहमी शेजाऱ्यांचंच कौतुक का करायचं? – एक वाचक, सोलापूर*

आहे, आणि तो तुमच्याच गावचा. मारुती चितमपल्ली १९३२ साली सोलापुरात जन्मले आणि जून २०२५मध्ये सोलापुरातच गेले. वनखात्यात त्यांची हयात गेली. पक्ष्यांची, झाडांची नावं त्यांनी पुस्तकांतून उचलली नाहीत. रानात राहणाऱ्या माणसांच्या तोंडून एकेक वेचली. नवेगावबांधच्या तळ्याकाठी त्यांना ज्या माणसांनी रान शिकवलं, त्यांच्यावर एक नाटक व्हायला हवं, असं मला फार वाटतं. व्यंकटेश माडगूळकरही त्याच वाटेचे. माणदेशातला माणूस त्यांनी असा लिहिला की त्याच्या अंगावरची धूळ दिसते.

तरी एक फरक मला जाणवतो. चितमपल्लींच्या लेखनात शांतता फार आहे, माणूस रानात हळू बोलतो. तेजस्वींची माणसं भांडतात, थापा मारतात, लेखकालाच वेड्यात काढतात. नाटकाला हे दुसरं सोपं पडतं. पहिलं अवघड आहे. पण सोलापुरात हौशी रंगभूमी जोरात आहे. कुणी मनावर घेतलं तर मी माझ्याजवळची टिपणं पाठवायला तयार आहे.

*मी प्राथमिक शाळेत शिकवते. तुमचं लिखाण वर्गात वाचून दाखवलं. तेजस्वींच्या उडणाऱ्या सरड्याची गोष्ट मला मैत्रिणीकडून कळली होती, ती मुलांना सांगितली. आता मुलं मागे लागली आहेत की त्याचं नाटक करू. मी कागदाचा सरडा दोरीवरून सोडायचा विचार करत होते. जमेल का? – एक शिक्षिका, गडहिंग्लज*

बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

मुलांना आधी हे सांगा की असा सरडा खरंच असतो. पश्चिम घाटात, गोव्याच्या जंगलांतसुद्धा. शेपटी धरून वीतभर लांब. त्याच्या काही बरगड्या अंगाच्या बाहेरपर्यंत लांब वाढलेल्या असतात आणि त्यांच्यावर कातडी ताणलेली असते. छत्री उघडावी तशी ती उघडून तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. पंख मारत नाही. नराच्या गळ्याखाली पिवळी झालर असते. मुंग्या खातो. खोडाला चिकटून बसला की सालीतून ओळखू येत नाही.

‘कर्वालो’ या कादंबरीत कर्वालो नावाचे शास्त्रज्ञ, मंदण्णा नावाचा एक गावचा पोरगा, लेखक आणि बाकीचे सगळे त्या सरड्याच्या मागे रानात जातात. शास्त्रज्ञांना कळतं की ज्याला गावात कुणी धड काम देत नाही, तो मंदण्णा त्यांच्या कुठल्याही विद्यार्थ्याहून जास्त पाहतो. शेवटी सरडा सापडतो, आणि कड्यावरून, सगळ्यांच्या देखत, खाली तरंगत निघून जातो. हातात काही येत नाही. तुमच्या वर्गात मागच्या बाकावरचा जो मुलगा खिडकीबाहेर बघत असतो, त्याला मंदण्णा करा.

दोरी नको. कागदाचा सरडा दोरीवर अडकला की मुलं हिरमुसतील, आणि नाही अडकला तरी सगळे दोरीकडेच बघतील. त्याऐवजी असं करा. सगळ्या मुलांना ओळीत उभं करा. एकाने बोट दाखवायचं. मग सगळ्यांच्या माना एकदम नाही, एकामागून एक, हळूहळू, डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वळत जायला हव्यात. डोळे कुठे ठेवायचे ते ठरवून द्या: शाळेच्या छपराची कड, मग कौलाखालची पन्हळ, मग पटांगणातलं झाड, मग कुंपणापलीकडचं शेत. शेवटच्या मुलाची मान थांबल्यावर मनात दहा मोजायचे. तोवर कुणी बोलायचं नाही. पाहायला आलेले पालक त्या दहा आकड्यांत मागे वळून शेताकडे बघतात का, ते मला कळवा. तालीम वर्गात घेऊ नका, पटांगणातच घ्या, म्हणजे मुलांना लांबवर बघायची सवय होईल.

आणखी एक. गडहिंग्लजला घरी कन्नड बोलणारी मुलं तुमच्या वर्गात असतीलच. शाळेत ती ते लपवतात, मी पाहिलं आहे. सरड्याचं नाव त्यांच्याकडून म्हणून घ्या: ‘हारुव ओती’. हारुव म्हणजे उडणारा. बाकीच्या मुलांना ते नाव त्यांनीच शिकवायचं, तुम्ही नाही. ‘ओती’चा ओ लांब म्हणायचा असतो. नाही जमलं तर त्या मुलांपैकी एखाद्याच्या आजीला शाळेत बोलवा.